झील ओढणारा

जाम गावच्या चौरस्त्यावर मी रोज बस बदलायचो. तिथल्या चहाच्या टपरीशी एक गाणारा दुपारी गिटार घेऊन खुर्चीवर बसायचा आणि दुखऱ्या चालीचे ब्लूज गायचा, तेही आपल्या वऱ्हाडीत. आवाज जात्यासारखा खरखरीत. शेजारी आणखी एक रिकामी खुर्ची असे. तिच्यावर कुणी बसलेलं त्याला खपत नसे.

या उन्हाळ्यात त्याचं गाणं बदललं. आवाज मोकळा झाला, सूर वर चढले आणि प्रत्येक ओळीनंतर तो थांबू लागला. खुर्चीकडे कान करायचा, मान डोलवायचा, मग पुढची ओळ.

"काऊन थांबता हो?" एकदा मी विचारलंच.

"ब्लूज एकट्याचं असते, भाऊ. आता मी सोल गाऊन राह्यलो, चर्चच्या गाण्यातून निघालेलं. त्याले भजनासारखं मागून झील ओढणारं माणूस लागते."

"पण इथं तर कोणीच नाई."

तो हसला. "तुमाले अजून आयकू नाई येत?"

काल तो आलाच नव्हता. दोन्ही खुर्च्या उन्हात रिकाम्या होत्या. चहा पिता पिता माझ्या तोंडून झील निघाली, चांगली मोठ्यानं.

"काय झालं, जी?" टपरीवाल्यानं विचारलं.

मी त्याला हातानंच गप्प केलं. पुढची ओळ सुरू झाली होती.