सपाट पात्राचं उदाहरण

धम्मप्रिया बनसोडे यांची शिकवणी सोलापुरात एका चादरीच्या दुकानाच्या माडीवर भरते. मराठीच्या बी.ए.ची मुलं येतात. शेजारचे यंत्रमाग सुरू असले की बाईंना आवाज चढवावा लागतो.

कथानक, संघर्ष, निवेदक, पात्र. या सगळ्या संज्ञा त्या एकाच गोष्टीतून शिकवतात. बार्शीहून एसटीनं कॉलेजला येणारी एक मुलगी. तिनं पहिली कथा लिहिली, सरांना दाखवली. सरांनी ती भर वर्गात वाचली आणि परत देताना म्हणाले, "तुमच्या लोकांच्या कथेत पात्रं नसतात. नुसती तक्रार असते." वर्ग हसला. मुलीनं पुन्हा कथा लिहिली नाही.

यात सपाट पात्र कोणतं, असं बाई विचारतात. मुलं सांगतात, सर. मग त्या फळ्यावर 'सर' लिहितात आणि खाली व्याख्या: एकच पैलू, शेवटपर्यंत बदल नाही.

ती मुलगी कोण, हे मुलं ओळखतात. सरांचं नाव मात्र बाईंनी कधी घेतलं नाही. गोष्ट फिरत फिरत त्यांच्या कानावर जावी आणि त्यांनी स्वतःला ओळखावं, एवढीच इच्छा. "एकदा वळकू दे, झोप उडंल की त्यांची," असं त्या धाकट्या बहिणीला सांगत.

यंदा अद्वैत केसकर शिकवणीला आला. निवृत्त प्राध्यापक नारायण केसकरांचा नातू. पोराचा काय दोष, गोष्ट बदल, असं बहीण म्हणाली. बाईंनी पहिल्याच आठवड्यात तीच गोष्ट घेतली.

सपाट पात्र 'सर', हे अद्वैतनंही सांगितलं. मग त्यानं हात वर केला.

"पण मॅडम, निवेदक मुलीच्या बाजूचा आहे. त्याच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"ठेवू नकोस. आजोबांना विचार. ते होते त्या वर्गात."

अद्वैतचा चेहरा उतरला. बाईंनी पुढची संज्ञा घेतली.

दुसऱ्या दिवशी तो वर्ग सुरू व्हायच्या आधीच टेबलाशी आला. आजोबांना काही आठवत नाही, म्हणाला.

"कथा आठवत नाही, की मी?"

"दोन्ही नाही." तो घुटमळला. "पण म्हणाले, बोललो असेन. त्यात चुकीचं काय होतं?"

मुलं जमल्यावर बाईंनी खडू उचलला. फळ्यावर कालचं तसंच होतं. त्यांनी 'सर' पुसून तिथं 'नारायण केसकर' लिहिलं. खालची व्याख्या तशीच ठेवली.

"उतरवून घ्या," त्या म्हणाल्या आणि अद्वैतची वही उघडेपर्यंत थांबल्या.