रोझाआत्याची वेणी

आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बोईसरच्या घरी बोंबील साफ करत होते. डोळ्यांसमोर आला तो तिचा अंबाडा... आणि त्यातली वेणी एकदा मीच काढायला लावली होती.

रोझाआत्या माझ्या वडिलांची बहीण, दातिवऱ्याची. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा तापाने गेला. तेव्हापासून डोक्यात फूल नाही, हातात काकण नाही. आम्ही ख्रिस्ती असलो तरी विधवेचे नियम काही समुद्रात सोडले नव्हते. एका वर्षी ख्रिस्तराजाच्या सणाला फादर प्रवचनात म्हणाले, ख्रिस्त आपला राजा आणि ख्रिस्तसभा, म्हणजे आपण सगळे, त्याची वधू. चर्चमधली मिस्सा संपल्यावर आत्याने त्यांना दारातच गाठलं.

“फादर, त्या सबेत मी पन हाय ना?”

“आहेस की.”

“मंग माजा नवरा मेलेला नाय.”

पुढच्या वर्षी त्या रविवारी ती अबोलीची वेणी माळून आली. गाव बोललं. “राजाच्या लग्नाला बोडकं कसं जावं?” एवढंच तिचं उत्तर. मग ते दरवर्षीचंच झालं. सोमवारी वेणी उतरायची.

माझं लग्न नेमकं त्याच रविवारी आलं. पुढे नाताळाआधीचा आगमनकाळ, त्यात आमच्याकडे लग्नं लागत नाहीत. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, विधवेच्या डोक्यात फूल आम्हाला चालणार नाही. आणि जिने मला अंगाखांद्यावर खेळवलं, तिला मी जाऊन म्हटलं, “आत्या, आजचा दिवस वेणी काढ ना.” तिने काढली. “आज तू नवरी हायस,” म्हणाली, आणि मंडपामागे भाताच्या टोपांपाशी जाऊन बसली. मला सुटल्यासारखं वाटलं. आज ते लिहितानाही लाज वाटते.

पुढे सासरे गेले. त्या वर्षीच्या ख्रिस्तराजाच्या रविवारी आत्या सकाळच्या एसटीने आमच्याकडे आली, केळीच्या पानात दोन वेण्या घेऊन. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

“विहीणबाई, चला. आपल्याला लग्नाला जायाचं हाय.”

सासूबाई आधी नकोच म्हणाल्या. मग रडल्या, आणि वेणी माळून घ्यायला मान खाली केली. माझ्या लग्नातली गोष्ट आत्याने तेव्हाही काढली नाही. माफी मागायची माझीच राहिली... पुढच्या सणाला मागू, त्याच्या पुढच्या सणाला मागू. शेवटी दातिवऱ्याला पोचले तेव्हा पेटी बंद झाली होती.

परवा पुन्हा ख्रिस्तराजाचा रविवार आला. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, तरी सकाळपासून अबोली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आत्याने शिकवल्याप्रमाणे त्यांनी केळीच्या सोपटाच्या धाग्यात दोन वेण्या गुंफल्या.

“एक मला माळ,” म्हणाल्या. “दुसरी तिच्या कबरीवरच्या क्रुसावर ठेव. आणि सांग तिला, त्या दिवशी काढायला मी लावली होती.”

“सांगायला गेले ती मी होते, आई.”

सासूबाईंनी दुसरी वेणी चाचपत केळीच्या पानात गुंडाळली. मग म्हणाल्या, “तर मग दोघी जाऊ.”

आम्ही दातिवऱ्याची एसटी धरली. सासूबाई खिडकीशी बसल्या, आणि वाऱ्याने पडू नये म्हणून डोक्यातली वेणी रस्ताभर हाताने धरून होत्या.