हवालदाराचा आवाज

चार वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही काय म्हणाल ते म्हणा.

परंड्याजवळच्या एका शाळेत मी शिकवते. मुलांना घेऊन आम्ही मोबाईलवर एक विनोदी सिनेमा केला होता, मोज्यांच्या बाहुल्यांचा. राणीचा हिऱ्यांचा हार चोरीला जातो, हवालदार सगळ्या राजवाड्याला दमात घेतो, आणि हार निघतो शेळीच्या पोटात — फुलांच्या माळेबरोबर तिनं तोही खाल्लेला असतो.

हवालदाराचा आवाज कलावतीमावशींचा. त्या शाळेत खिचडी शिजवतात. मी लिहून दिलेलं बाजूला ठेवून त्या आपलंच बोलल्या, "राणीसाहेब, हार गळ्यात व्हता का नुसता डोक्यात? नीट आठवा, मला लई कामं हायत." मुलं हसून लोळली. मीही हसले.

मग सिनेमा जिल्ह्याच्या शिक्षक मेळाव्यात दाखवायचं ठरलं. आणि मला — कसं सांगू? — लाज वाटली. त्या 'व्हता'ची, त्या 'लई'ची. मी लोहाऱ्याची, माहेरी मीही तसंच बोलते. मग लाज नेमकी कुणाची होती? एका रविवारी दार लावून हवालदाराचे सगळे संवाद मी माझ्या आवाजात, पुस्तकी भाषेत भरले. मावशींना म्हणाले, मोबाईल बिघडला होता, तुमचा आवाज नीट आलाच नाही.

"असू द्या बाई," त्या म्हणाल्या. "माझाच घसा बसला असंल त्या दिशी."

खोटं मी बोलले, दोष त्यांनी घेतला — आणि मी तो घेऊ दिला. मेळाव्यात कुणी हसलं नाही. पुढं मुलांनी नाटकासाठी कितीदा बोलावलं, पण मावशी घशाचं कारण सांगून टाळत राहिल्या. खरं कारण मला माहीत होतं. तरी गप्प राहिले.

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडंच होतं. गेल्या सोमवारी मी त्यांच्यापाशी जाऊन बसले, सगळं सांगितलं, आणि ते लावलं. भांडी घासायची थांबवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मंजी घसा चांगला व्हता माझा," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

शनिवारी मुलं नव्या बाहुल्या शिवत बसली होती. मावशी आत आल्या, माझ्याकडं न बघता एक मोजा हातात चढवला, आणि तो मोजा मुलांना दरडावू लागला. वर्ग हसत सुटला. मी मागं भिंतीशी उभी राहून ऐकत होते.