बुडत्या जहाजातली म्हातारी

लग्न होऊन कात्रजच्या घरी आले तेव्हा माझ्या बॅगेत एक चपटी डबी होती. तिच्यात पत्ते होते, पण रमीचे नव्हेत. तो एकट्याने खेळायचा खेळ आहे. जहाज बुडतंय, आपण अगदी तळाच्या खोलीत आहोत आणि वर बांधलेल्या होडीपर्यंत पोचायचं आहे. फोनवर पाच मिनिटांचा टायमर लावायचा आणि भराभर पत्ते उलटायचे. जिना, बंद दार, अंधारा बोळ आणि मध्येमध्ये पाणी. पाण्याचे पत्ते फार साचले की संपलं. या खेळात विचार करत बसायला वेळच नसतो, म्हणून तो मला आवडतो. एरवी मी जरा जास्तच विचार करते.

माहेरी आम्ही तिघंच. टकटक केल्याशिवाय कोणी कोणाच्या खोलीत जायचं नाही. सासरी दारं फक्त पावसाची झड आली किंवा झोपायची वेळ झाली की लागायची. बाकी वेळ, चार्जर सापडत नाही म्हणून, कोथिंबीर कशी मिळाली ते दाखवायला, किंवा काहीच कारण नाही म्हणूनसुद्धा कोणीही आत यायचं. सगळे प्रेमाने यायचे, हीच अडचण होती. रागाने आले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मी घरूनच काम करते. जेवणाच्या सुट्टीत ताटं उचलून झाली की मी खोलीत जायचे आणि आतून कडी घालायचे. अर्धा तास, मग परत हेडफोन.

सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. पण त्या माझ्याशी बोलताना दाराकडे बघायच्या. कारण नवऱ्याने सांगितलं. मोठे दीर आणि जाऊबाई आधी याच घरात राहायचे. भांडण नाही, तंटा नाही, एक दिवस बिबवेवाडीला फ्लॅट घेऊन गेले.

"आईचं म्हणणं, ते एका दिवसात झालं नाही," तो म्हणाला. "आधी दुपारचं दार लागायला लागलं, मग फ्लॅट झाला. आता तू दार लावतेस."

"मग तू सांग ना त्यांना, तसं काही नाहीये."

"मी सांगितलं तर तिला वाटणार, बायकोने पढवून पाठवलंय."

ते खरंच होतं. म्हणजे सांगायचं मलाच होतं. आणि पाहुण्यांना चहा हवा का, एवढं विचारण्याआधीही मी ते वाक्य मनात एकदा म्हणून बघते. त्यात माझं मराठी शाळेत शिकलेलं, पुस्तकी. ते ऐकून सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "तुझं बोलणं म्हंजी रेडिओच्या बातम्या."

त्या दिवशी कडी घालायची राहिली. मी पलंगावर पत्ते मांडून बसले होते, टायमर चालू होता, आणि उकडलेल्या शेंगांची ताटली घेऊन सासूबाई आत आल्या.

"पत्ते?"

"हो. पण पैसे लावून नाही, आई. मी एकटीच खेळते."

"एकटीच? मग हरतं कोण?"

"मीच."

"आन् जिंकतं?"

"मीच. कधीतरी."

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "करायचं काय असतं ह्यात?"

मला पटकन शब्द सुचेनात. "बाहेर पडायचं असतं. वेळ संपायच्या आत पळून जायचं."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"रोज दार लावून तू पळून जायचा खेळ खेळतीस?"

"तसं नाही हो. जहाजातून." मी घाईघाईने पुढचा पत्ता उलटला, निदान जहाज तरी दिसावं म्हणून. निघाली एक बाई. पांढरे केस, अंगावर शाल, जिन्यात बसलेली. हा पत्ता मला पाठ आहे. तिला सोबत घेतलं की प्रत्येक मजल्यावर एक पत्ता जास्त उलटावा लागतो, म्हणजे पाणीही जास्त. मी सवयीने तिला बाजूला टाकलं.

"थांब. ही कोण?"

"एक प्रवासी आहे."

"म्हातारी हाय ती."

"हो, पण तिला घेतलं की वेग कमी होतो, आणि मग..."

"म्हणून तिला तिथंच ठिवून निघालीस?"

तेवढ्यात फोन वाजला. वेळ संपली होती.

"बुडालीस ना?" सासूबाई म्हणाल्या. "घेतली असतीस तर बुडताना सोबत तरी झाली असती. दे इकडं."

मी टायमर लावला आणि चित्रांचे अर्थ सांगत गेले. त्यांनी म्हातारीला घेतलं. आचाऱ्याला घेतलं. कुत्र्याला तर "मुका जीव" म्हणून आधी घेतलं आणि मग नियम विचारला. दुसऱ्या मजल्यावर सगळे बुडाले.

"परत लाव."

पुन्हा बुडाले. तिसऱ्या वेळी मात्र त्या शेंगा सोलायच्या वेगाने पत्ते उलटत होत्या. शेवटच्या शिडीपाशी पाणी आलं.

"पोचलो असतो की गं!" त्या खरोखर चिडल्या होत्या. मग पत्ते गोळा करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला हितनं जायचंय का?"

या वेळी टायमर बंद होता. विचार करायला हवा तेवढा वेळ होता, आणि मी तो घेतला नाही.

"नाही. मला नुसतं दार लावायचं असतं."

"कशापायी?"

"सकाळभर मीटिंगमध्ये लोक बोलतात. मग घरात सगळे बोलतात. मला सगळे आवडतात, आई. पण थोडा वेळ कुणीच नको असतं. मग मी येते बाहेर."

एवढं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आणि 'आवडतात' हा शब्द तर त्या घरात कोणी माणसांसाठी वापरत नाही, आमटीसाठी वापरतात.

त्यांनी डबीचं झाकण लावलं. "मी नवीन होते तवा गोठ्यात जाऊन बसायचे," त्या म्हणाल्या. "म्हशी काय विचारीत न्हाईत." गोठ्याच्या जागी आता भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत. त्या दिशेला त्यांनी एकदा पाहिलं, ताटली माझ्यापुढे सरकवली आणि उठल्या. जाताना दार ओढून घेतलं. बाहेरून, घट्ट.

काही दिवसांनी दुपारी शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या. मी आत होते, खेळ नुकताच सुरू केला होता. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"सूनबाई कुठंय?"

"आत हाय. पळून चाललीय."

काकूंच्या बांगड्या वाजल्या. मग हळूच, "अगं बाई! कुणाबरोबर?"

"एकटीच. म्हातारीला ठिवून." सासूबाईंचा आवाज अगदी सरळ होता. "बसा की तुम्ही. येईल अर्ध्या तासात. च्या टाकते."

मी टायमर बंद केला. अर्धा तास व्हायला बराच अवकाश होता, पण कडी काढली आणि बाहेर आले. मला काकूंचा चेहरा बघायचा होता.