गुळाच्या पारड्यातला दगड

त्या घटनेची आठवण झाली की मला आजही आधी राग येतो आणि मग हसू येते. इंग्रजी अमदानीत मी चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका ठाण्यावर फौजदार होतो. एका बाजारच्या दिवशी गावातला एकुलता एक गूळवाला शेठ मुनिमाला घेऊन आला. मुनिमाच्या कपाळाला पट्टी होती. डोंगराकडच्या एका बाईने त्याला दगड मारला आणि डिंकाचे गाठोडे लुटून नेले, अशी फिर्याद. ठाणे अंमलदाराने ती लिहून घेतली, मी शिपाई धाडले.

शिपायांना फार हिंडावे लागले नाही. बाई आपण होऊनच ठाण्याकडे येत होती. डोक्यावर दगड, जवळ डिंकाचा खडाही नाही. लुटारू माल टाकून दगड घेऊन पोलिसांकडे येत नाही, एवढे मला कळत होते.

"अक्का, हा दगड कुणाचा?"

"तुम्हनाच शे, सायेब. सरकारना दगड सरकारले देवाले उनू. दर बजारले मोठा व्हत जास. आते आमले पेलत नही."

त्या बाजारात रोकड कमीच फिरे. एका पारड्यात गूळ आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा डिंक, असा जुना रिवाज. डिंक गुळाहून महाग, तेव्हा शेठ काही तोट्यात नव्हता. शेठचा गूळ पेठेच्या गावावरून येई. त्या गावाने गुळावर जकात बसवली, तसा याने गुळाच्या पारड्यात दगड ठेवला आणि 'हा सरकारचा' म्हणून सांगितले. दगडाच्या वजनाचा डिंकही लोकांनी द्यायचा. लोक देत राहिले. त्या दिवशी मात्र बाईने दगड उचलला आणि चालू लागली.

पण फिर्याद लेखी होती, साक्षीदार जखमी होता. बाईला कोठडीत ठेवणे भाग पडले. शेठचे खरे ठरले असते तर जबरी चोरीपायी तिची कित्येक वर्षे तुरुंगात गेली असती.

मी शेठला समोर बसवले. गडी डगमगला नाही. "साहेब, कर बसला की भाव चढणारच. मी का पदरचे घालू?"

यात गुन्हा नव्हता, सगळी दुनिया तेच करते. पण एक गोष्ट मला खटकली. जकातीचे नाव काढले की व्यापारी नाकेदाराच्या सात पिढ्या उद्धरतो. हा फारच मऊ बोलत होता. मी खडा टाकून पाहिला.

"खरेच जुलूम आहे, शेठ. जकात उठवण्याचा अर्ज करा, मी वर शब्द टाकतो."

"नको, नको साहेब! राहू द्या. गावालाही खर्च असतोच की."

स्वतःवरचा कर उठू नये म्हणून हात जोडणारा माणूस मी साऱ्या नोकरीत तेवढा एकच पाहिला. तडक पेठेच्या नाक्यावर गेलो. नाकेदाराने सांगितले की, गावात न विकता बाहेर जाणाऱ्या मालाची जकात परत मिळते आणि हा शेठ दर खेपेला ती घेऊन जातो. म्हणजे याला जकातीची झळ लागलीच नव्हती. वसुली मात्र जोरात चालू होती.

ठाण्यावर परतून मी हे सांगताच मुनीम ढेपाळला आणि खरे बोलून गेला. बाईने दगड उचलला तेव्हा त्याने तराजू ओढला आणि दांडी त्याच्याच कपाळावर बसली होती. लूट वगैरे सगळी शेठची पढवणी.

बाई सुटली. खोटी फिर्याद आणि फसवणूक यांबद्दल शेठला दंड झाला. मी भलताच खुशीत होतो. निकालानंतरच्या बाजारी तीच बाई पुन्हा माझ्यासमोर उभी.

"सायेब, तो म्हनस, माले दंड बसना, म्हनीसन गूळ महाग शे."

मी कपाळावर हात मारला. भाव चढवण्याविरुद्ध माझ्याकडे कलम नव्हते. मग शिरपूरच्या एका ओळखीच्या गूळवाल्याला निरोप धाडला की, या बाजारात बिनधास्त बस, तुला कोणी हुसकले तर मी आहे. तो आला आणि गुळाइतकाच डिंक मागू लागला. बाई दोन्ही दुकानांपुढून हिंडली, भाव विचारले आणि नव्याकडे जाऊन बसली. तिच्यामागोमाग बाकीच्या गेल्या. दुपार टळायच्या आत शेठचा भाव मुकाट्याने खाली आला.

व्यापाऱ्यावरचा कर शेवटी कोण भरतो, यावर शहाणी माणसे वाद घालतात तेव्हा मी एवढेच सांगतो. समोर दुसरे दुकान नसेल तर करच काय, दुकानदाराचा दंडसुद्धा गिऱ्हाईकच भरते. त्या दुपारी मात्र शेठचा दंड शेठलाच भरावा लागला.