लाल कोंबडीची पांढरी पिल्लं

परवा अंगणात लाल ठिपक्यांचं पांढरं पीस सापडलं आणि १९६०च्या सुमाराची, वेवजी गावातली आमची लाल कोंबडी आठवली. तिची अंडी विकूनच घरात मीठ-रॉकेल यायचं. मी मॅट्रिक झाले तर तिच्याच पोटचा लाल कोंबडा देवाला द्यायचा, असा आयेचा नवस होता. मी पास झाले. पण शेजारच्या पांढऱ्या विलायती कोंबड्यामुळे पिल्लं सगळी पांढरी निघाली.

"देव रुसला गं," आय रडवेली झाली.

"देवाला रंग कळतो का, आये?" मी हसले.

"चार बुकं शिकलीस, आता देवालाही शिकव!"

तिने कोंबडी पिल्लांसकट देऊन बदल्यात लाल कोंबडा आणला आणि देवाला दिला. अंडी गेली, मग मीठही उधारीवर आलं.

पुढे कॉलेजात कळलं, लाल रंग त्या पिल्लांतच दडलेला होता. त्यांच्या पिल्लांत तो परत दिसला असता. हे सांगायला आय उरली नव्हती. तिच्याजवळ माझं ते हसणंच राहिलं.

मी बी.एस्सी. झाले, आमच्या पाड्यातली पहिली.