तेराव्यानंतर भेटलेला गोंद्या

गोंद्याला कोणी भेटलं की तो आधी त्याची कॉलर धरायचा. भांडायला नव्हे, उलटून शिलाई पाहायला. "कोण शिवला रे हे? हात मोडून गळ्यात बांधायला पाहिजे त्याचा," म्हणायचा आणि मगच खुशाली विचारायचा. म्हैसूरच्या अग्रहारात त्याच्या वडिलांचं शिंप्याचं दुकान होतं आणि शेजारीच आमचं घर. शाळेत त्यानं माझी कॉलर इतक्यांदा धरली की मास्तरांना वाटायचं, आमचं वैर आहे.

कापणीत त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही. "शर्ट खांद्यावर बसतो, खाली सगळं सुम्ने, उगीच लोंबत असतं," हे त्याचं कानडी मिसळलेलं तत्त्वज्ञान. अंबूशी लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका व्यापाऱ्यानं त्याला तीन वर्षांसाठी टांझानियात नेलं. पाच वर्षं पत्रं आली, मग थांबली. बारा वर्षं काहीच कळलं नाही तर आमच्याकडे माणसाचे अंत्यसंस्कार करतात. त्याचा धाकटा भाऊ वासू माझ्याकडे आला. "वहिनी ना धड सवाष्ण, ना विधवा. काय करू या?" मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "करून टाक. तिचा जीव तरी टांगणीवरून सुटेल." श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला. तेराव्याला मी पोटभर जेवलो.

निवृत्तीनंतर मुलीकडे नैरोबीला गेलो होतो. जावयानं जीप काढली. व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत जाऊ म्हणाला. चौथ्या दिवशी टांझानियातल्या इरिंगा गावात माझी पँट शिवणीवर उसवली. बाजारात पत्र्याखाली एक म्हातारा मशीन घेऊन बसला होता. पँटकडे न बघता त्यानं माझी कॉलर धरली, उलटली आणि स्वाहिलीत काहीतरी पुटपुटला.

"गोंद्या?" मी त्याचं मनगट धरलं.

त्यानं डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. "रघ्या! पँट शिवायला एवढ्या लांब आलास काय रे कणो?"

मी रडलो. तो हसत होता. परदेशातले जुने कपडे गठ्ठ्यांनी यायला लागले, नवं शिवून घेणारं कोणी उरलं नाही, दुकान गेलं, असं त्यानं पँट शिवता शिवता सांगितलं. "गुंड्या लावतोय, भोकं बुजवतोय, असं लिहू काय अंबूला? उद्या लिहू, परवा लिहू, असं करत राहिलं." मग सुई खाली ठेवली. "आता डोळे अधू झाले. तुझ्याबरोबर येतो बघ मैसूरला. अंबू काय बोलायचं ते बोलू दे. पाय धरतो तिचे."

गप्प राहिलो असतो तर तो जीपमध्ये बसला असता. पण स्वतःचा हार घातलेला फोटो त्यानं दारातच पाहिला असता. मी सांगितलं. माझा सल्लाही सांगितला.

"तेरावं नीट झालं?" त्यानं विचारलं. "वासूनं केलं? बरं." सुई पुन्हा उचलून म्हणाला, "अंबू रडली?"

"फार."

मी विनवण्या केल्या. जिवंत माणूस परत आला तर त्याचेही विधी असतात, शास्त्र्यांना विचारू, तिला आनंदच होईल, म्हणालो.

"बिडो, सोड रघ्या. कुंकू एकदा पुसून झालंय तिचं. मी आता किती दिवसांचा? दोनदा विधवा करू काय तिला?" त्यानं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "मी तुला भेटलो नाही. शपथ घे." मी घेतली. तेवढीच एक गोष्ट तो माझ्याकडे मागत होता.

म्हैसूरला परतल्यावर तिथल्या विजयनगर भागात वासूच्या घरी गेलो. अंबूवहिनींनी कॉफी दिली आणि दाराशी उभ्या राहिल्या.

"भावजी, तिकडं लई ऊन असतंय म्हणतात, खरं काय?"

"नाही वहिनी. मी गेलो तिथं हवा थंड होती. अगदी आपल्यासारखी."

"बरं झालं बघा," त्या म्हणाल्या. "त्यांना ऊन सोसत नव्हतं."